तळवे कोण बघणार?

मला बसता येत नाही. हे वाचून कुणाला वाटेल की हाच माझा आजार. तसं नाही. पण आजारानं माझ्याकडून मागितलं ते नेमकं तेवढंच. बस. एका जागी बस, पाय वर घे आणि काही करू नकोस. साखर सोडायला सांगितली, सोडली. पोटात सुई टोचायला सांगितली, टोचून घेतली. बसायचं कसं ते मात्र मला जन्मात कुणी शिकवलं नव्हतं.

ज्यांच्या तळपायाला शुगरची जखम आहे आणि पायाला भिंगरी, अशांसाठी हे लिहितेय. औषधांचं मला काही विचारू नका, ते डॉक्टरांना विचारा. एक पाय वाचवताना घरात काय काय हलवावं लागतं, तेवढं मी सांगू शकते.

खानावळ

शिरूरला एसटी स्टँडच्या मागच्या आळीत माझी खानावळ आहे. रांजणगावला कारखाने आले, गावोगावची आणि परमुलखातली पोरं कामाला लागली, आणि त्यांना घरच्यासारखं जेवण हवं झालं. सकाळी डबे, दुपारी डबे, संध्याकाळी पंगत. हाताखाली एकटी सखूबाई, बाकी सगळं मी. स्वयंपाकघरात अर्थातच अनवाणी. शेगडीपुढं आणि देवापुढं चपला घालून उभं राहायची आमच्यात रीत नाही, आणि माझ्या स्वयंपाकघरात एका भिंतीला शेगडी आणि समोरच्या भिंतीला देव होते.

घरात माणसं तीन. मी, आमचे हे, म्हणजे शिरूर डेपोतले ड्रायव्हर, आणि माझे सासरे. लेक मंगल दौंडला दिलेली. सासऱ्यांना मी मामा म्हणते. उभा जन्म त्यांनी मेंढरं राखली. दिवाळी झाली की केंदूरच्या माळावरून कोकणात उतरायचं आणि पावसाच्या तोंडावर परत फिरायचं, असं त्यांचं घरच चालतं होतं. पुढं मेंढरं विकली आणि ते मुलाच्या नोकरीमागं शिरूरला येऊन सोप्यातल्या भिंतीला टेकून बसले. बसले असं आपलं म्हणायचं. काठी घेऊन रस्त्यापर्यंत जायचे, एसट्या बघायचे, परत यायचे, की पुन्हा निघालेच. त्या बाबतीत सासरा-सून एकाच माळेचे मणी होतो.

पण आम्ही एकमेकांशी बोलत नव्हतो. भांडण नव्हतं, रीत होती. मामांपुढं माझ्या डोक्यावरचा पदर कधी ढळला नाही. त्यांच्यादेखत मी कधी खाटेवर बसले नाही. आत यायचं असलं की ते दारात खोकायचे. पाणी हवं असलं तर भिंतीकडं बघून म्हणायचे, "आत कोन हाय का?" आत कोण आहे ते त्यांना चांगलं ठाऊक असायचं.

कापूस

तांदळातले खडे दिसेनात म्हणून चष्म्याचा नंबर काढायला गेले, तर डोळ्याच्या डॉक्टरांनी आधी रक्त तपासायला धाडलं. शुगर बरीच वर होती. मला हसू आलं. म्हटलं, खानावळवालीकडं साखर कमी कशी पडेल! गोळ्या सुरू झाल्या. आठवल्या की घ्यायची, पंगत मोठी असली की आठवायच्या नाहीत.

त्या आधी दोन-तीन वर्षं माझे तळवे भयंकर आग करायचे. मग ती आग आपोआप थांबली. पायाखाली कापूस अंथरल्यासारखं वाटायला लागलं. मी खूश. देवानं ऐकलं असं वाटलं. पायातला जीव हळूहळू निघून चाललाय, हे तेव्हा कळायचं कारणच नव्हतं. जे दुखत नाही त्याची तक्रार कोण करतं?

जोडवी

एका उन्हाळ्यात उजवा पाय सुजला. अंगठ्याशेजारचं बोट असं फुगलं की त्यातलं चांदीचं जोडवं दिसेनासं झालं. वेढ्याची जाड जोडवी, लग्नात घातलेली, पुन्हा कधी न उतरवलेली. दुखत काहीच नव्हतं, पण बोटाच्या बाजूनं पाणी यायला लागलं. आळीतल्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, "आधी ही जोडवी काढा, मग मला दाखवा."

आता बाहेरच्या माणसाला सांगून पटणार नाही, पण माझा नवरा ड्रायव्हर. त्या वेळी त्यांना मुक्कामाची ड्यूटी होती. आज इथं, उद्या तिथं. नवरा रस्त्यावर गाडी हाकतोय आणि मी घरात बसून जोडवी उतरवू? ड्रायव्हरची बायको असलं धाडस करत नाही. म्हटलं, हे घरी आले की बघू. हे घरी आले, अंघोळ करून झोपले, उठले आणि परत गेले. तेव्हाही मी म्हटलं, आता निघतायत, आता नको. पुढच्या खेपेला. मी रोज हळद-तेलाची पट्टी बांधायची आणि कामाला लागायची. गाडी रस्त्यावर नाही असा दिवस ड्रायव्हरच्या घरात येतो कुठं!

शेवटी सखूबाईनं नाकाला पदर लावला. "ताई, काय तरी सडलंय, पर मला घावना," म्हणाली. तिनं बटाट्याचं पोतं पालथं केलं, मोरी घासली. पोत्यात काही नव्हतं. मी मोरीच्या कट्ट्यावर बसले आणि पट्टी सोडली. वास माझाच होता. बोटाचं टोक काळंनिळं पडलं होतं.

हे आले तेव्हा मी सोप्याच्या पायरीवर पाय पुढं करून बसले होते. त्यांनी बघितलं आणि पिशवीतून पक्कड काढली. मामा तिथंच होते. ते उठले आणि भिंतीकडं तोंड करून उभे राहिले.

"अहो, आत्ताच आलाय. उद्या परत गाडीवर जायचंय तुम्हाला," मी म्हटलं.

"मी जित्ता तुझ्यापुढं बसलोय न्हवं? मग धर पाय नीट," हे म्हणाले.

तार कापल्यासारखा आवाज झाला आणि जोडवं निघालं. खाली बोटाला खोल खाच पडली होती, पार आत. हे पक्कड हातात धरून तसेच बसून राहिले. मला मात्र काही दुखलं नाही. त्याच क्षणी पहिल्यांदा भीती वाटली. इतकं होऊनही दुखत कसं नाही?

गुडघ्याखालून

शिरूरच्याच एका दवाखान्यात ऑपरेशन करणारे डॉक्टर होते. ते बोट बघून म्हणाले, "विष वर चढतंय. गुडघ्याखालून काढलं तर जीव वाचेल. उशीर करू नका." माणूस वाईट नव्हता. त्यांनी असले पाय पुष्कळ पाहिले असणार. पण ते बोलले ती रेघ मला माझ्या पोटरीवर दिसायला लागली. घरी येऊन मी भाकरी थापायला घेतल्या. हे म्हणाले, "अगं, जरा पड." मी म्हटलं, आत्ता पाय आहे तर उभी राहते. ते बाहेर निघून गेले. नंतर कळलं, डेपोच्या मागं जाऊन रडले.

मंगलला फोन केला. जावई रेल्वेत, त्यांच्याकडं खबर असते. दर गुरुवारी पुण्याहून रेल्वेनं एक डॉक्टरीण दौंडला येतात, फक्त पायाचं बघतात, म्हणाले. मी म्हटलं, फक्त पायाचं? बाकीचं शरीर कुठं ठेवून जायचं?

गुरुवारी निघालो. न्हावऱ्यावरून चौफुला, तिथं गाडी बदलून दौंड. यांनी मला ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसवलं आणि पाय आपल्या मांडीवर घेतला. भर गाडीत. बायकोचे पाय धरून बसलेला नवरा लोक बघणारच. एक म्हातारी सारखी वळून बघत होती. हे तिला म्हणाले, "बघा आजी, नीट बघा. आमच्याकडं अशीच पद्धत हाय." भीमेचा पूल येईस्तोवर मी पदरात तोंड घालून हसत होते की रडत होते, मलाही सांगता येणार नाही.

सुरू कधी करणार?

डॉक्टरीणबाई बारीक अंगाच्या, केस पिकलेल्या. त्या खाली ठोकळ्यावर बसल्या आणि माझा पाय सरळ मांडीवर घेतला. मी झटकन मागं ओढला. "अहो, पाय लागेल तुम्हाला!"

"लागू दे. मी पायांचीच डॉक्टर आहे."

मग म्हणाल्या, "डोळे मिटा. मी तळव्याला दोरा टेकवेन. लागला की 'हो' म्हणा."

मी डोळे मिटले. बाहेर गाडीची शिट्टी झाली, कुणाचं तरी पोर रडत होतं. मी वाट बघत राहिले. शेवटी कंटाळून विचारलं, "बाई, सुरू कधी करणार?"

"झालं की," त्या म्हणाल्या. "दोन्ही पायांचं झालं."

मी डोळे उघडले. हे माझ्याकडं बघत नव्हते, माझ्या पायांकडं बघत होते. त्यांनी सगळं पाहिलं होतं. दोरा टेकताना, वाकताना, आणि मी तोंड मिटून गप्प.

बाईंनी मग नीट सांगितलं. रक्त पायापर्यंत चांगलं पोचतंय, ही जमेची बाजू. बोट जाईल, ते वाचणार नाही. पाऊल वाचेल, पण त्याला दोन अटी. जखम भरेपर्यंत हा पाय जमिनीला टेकायचा नाही. आणि दोन्ही तळवे रोज कुणीतरी डोळ्यांनी बघायचे. तुम्हाला कळणार नाही, म्हणून दुसऱ्यानं बघायचे.

"कोण बघेल?" त्यांनी विचारलं.

"माझी ड्यूटी असती बाहेर," हे म्हणाले.

"घरी आणखी कोण?"

मग हे म्हणाले, "वडील हायेत माझे."

"मग ते बघतील."

आम्ही एकमेकांकडं बघितलं आणि हसलो. बाईंना काय माहीत!

बोट काढायला दौंडलाच भरती झाले. ज्या दिवशी काढलं, त्या दिवशी मी यांना विचारलं, त्या बोटाचं काय केलं? ते म्हणाले, "कशाला विचारतीस?" मग मी परत विचारलं नाही. मला ते आजही आठवतं अधूनमधून. इतकी वर्षं माझ्याबरोबर चाललं होतं बिचारं.

वॉर्डातले दिवस म्हणजे शिक्षाच. सकाळी सुई, मग ड्रेसिंग, मग जेवण, मग छताकडं बघणं. जेवणाची डाळ अशी की तिच्यात बघून वेणी घालावी. शेजारच्या खाटेवरच्या आजीला पाणी हवं होतं म्हणून मी एकदा उठले, तर सिस्टर दारातूनच ओरडली, "बाई, पाय कुणाचाय? तुमचाय ना?" गुरुवारच्या ड्रेसिंगला डॉक्टरीणबाई कुजलेलं मांस कातरून काढायच्या, भूल न देता. मला काही लागायचं नाही. मी बघत राहायची. स्वतःचा पाय कुणी कापतंय आणि आपण निवांत बघतोय, याच्यासारखी वाईट गोष्ट मी दुसरी पाहिली नाही. वेदना व्हावी म्हणून मी देवाला हात जोडलेत. हे वाचून हसू नका.

सोप्यातली खाट

मंगल म्हणाली, "आई, इथंच राहा." पण लेकीच्या दोन खोल्या, तिचं तान्हं बाळ, आणि जावयाच्या घरी किती दिवस पाय वर करून पडणार! शिरूरला आले. शिरूरचे एक कंपाउंडर रोज येऊन पट्टी बदलणार, गुरुवारी दौंड, असं ठरलं.

आमच्या घरात खाट मावेल अशी जागा एकच, सोपा. म्हणजे मामांची जागा. मी खाटेवर, पाय उशांवर, आणि मामा खाली घोंगडीवर. सून वर आणि सासरा खाली. पहिल्या दिवशी मी पायापासून तोंडापर्यंत चादर ओढून घेतली. वैशाखातला उकाडा. मामा उठून रस्त्यावर गेले ते जेवणालाच आले.

आत सखूबाई एकटी. फोडणी जळाल्याचा वास आला की माझा जीव खाटेवरून उडी मारायचा. काय करू? कशात काय आणि फाटक्यात पाय! मी आतल्या आत चिडायची. सखूबाईवर, यांच्यावर, पंख्यावर, त्या पांढऱ्या पट्टीवर. हे म्हणायचे, "पाय टेकू नको." मी म्हणायची, "उजवा टेकत नाही." आणि ते ड्यूटीवर गेले की भिंत धरून डाव्या पायावर उड्या मारत स्वयंपाकघरात. मीठ बघायची, कणीक बघायची, परत येऊन पडायची. डॉक्टरीणबाईंनी एक पाय टेकू नको म्हटलंय, मी एकच टेकतेय, असा माझा हिशेब.

तळवे बघायला आरसा आणला होता. जमिनीवर ठेवून त्यात बघायचं, असं बाईंनी सांगितलं होतं. पण माझे डोळे अधू. आरशात मला तळव्याच्या जागी नुसतं पिवळं काहीतरी दिसायचं. मी रोज बघायची आणि म्हणायची, ठीक आहे.

हिरवं काय चमकतंय

एके दुपारी मामा घोंगडीवर बसले होते, मी खाटेवर डोळे मिटून. उकाड्यानं चादर सरकली होती. मामा खोकले. माझी खात्री, पाणी हवंय. मी सखूबाईला हाक मारणार, तर ते म्हणाले, "सूनबाई."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला थेट हाक मारली. मी पदर सावरला.

"तुझ्या डाव्या टाचंत हिरवं काय चमाकतंय?"

मी पाय आखडून घेतला. "काही नाही मामा, रंग लागला असंल."

"रंग न्हाई. काच हाय ती." मग पुढं वाकून म्हणाले, "रगात बी हाय. उशीला लागलंय, बघ."

मला दिसत नव्हतं. हात लावला तर बोट ओलं झालं. मग आठवलं. आदल्या दिवशी पीठ मळताना सखूबाईच्या हातातली बांगडी वाढली होती, आणि मी मीठ बघायला उड्या मारत आत गेले होते. तुकडा टाचेत घेऊन मी फिरत होते, जेवत होते, झोपले होते. एका पायाला जोडवं भोवलं, दुसऱ्याला बांगडी. सौभाग्याची लेणी माझ्या पायांवरच उठली होती.

आता हाही पाय? एक गेला तर कुबडी असते. दोन्ही गेले तर माणूस काय करतं? मी मोठ्यानं रडायला लागले. सासऱ्यापुढं, डोक्यावरचा पदर ढळलेला असताना.

मामा उठले. हात साबणानं धुऊन आले. खाटेच्या पायथ्याशी खाली बसले आणि माझ्याकडं न बघता बोलायला लागले. "मेंढरू लंगडत असलं तर मला कधी भ्या वाटलं न्हाई. लंगडं कळतं. त्याला धरायचं, उताणं करायचं, खूर बघायचं. पर जे लंगडत न्हाई आन् गप मागं मागं पडतं, त्येचं भ्या. म्हून आमी रोज सांजंला समद्यांची खुरं बघायचो." मग म्हणाले, "मेंढराचं खूर बघाया मला कुनाला इचारावं लागलं न्हाई. तुला इचारावं लागतंय. बघू का?"

मी पदर तोंडावर ओढला आणि पाय पुढं केला.

त्यांनी टाच एका हातात घेतली. त्यांचा हात मला जाणवला नाही, टाचेला जाणवत नव्हतंच. पण पाय उचलला गेला, तो वर घोट्यापाशी कळला. त्यांनी बराच वेळ बघितलं. "खोल हाय," म्हणाले. "म्या काढत न्हाई. मेंढराच्या खुरात असती तर काढली असती. ही दवाखान्यात काढायची." आणि तसेच काठी न घेता डेपोकडं निघाले, मुलाला बोलवायला. त्यांना इतक्या भराभर चालताना मी कधी बघितलं नव्हतं.

काच निघाली, पू व्हायच्या आत निघाली. गुरुवारी डॉक्टरीणबाईंनी टाच बघून विचारलं, "कुणाच्या लक्षात आलं?"

"मामांच्या," मी म्हटलं.

"म्हणजे बघतात ते?"

"बघतात," मी म्हटलं. खरं तर एकदाच बघितलं होतं. पण मी तसं सांगून बसले, मग घरी येऊन तसं करणं भाग होतं.

देव उठले

त्या दिवसापासून सकाळी मामांचा चहा झाला की माझे तळवे. दारातल्या उजेडाला पाय करायचा. आधी उजव्याची पट्टी कोरडी आहे का, मग डावा. बोटांच्या बेचक्यासुद्धा. सुरुवातीला मी तोंडावर पदर घ्यायची. मग डोक्यावर. मग एक दिवस पदर खांद्यावर होता आणि आम्ही सखूबाईच्या आमटीवर बोलत होतो. मामा बोलायला लागले की थांबत नाहीत, हे मला तेव्हा कळलं. मी खाटेवर बसून कोकणचे घाट उतरले, नद्या ओलांडल्या. बसवत नव्हतंच, पण जरा कमी बसवत नव्हतं.

जखम भरत आली तशा डॉक्टरीणबाईंनी मऊ रबराच्या जाड चपला करून दिल्या. म्हणाल्या, "आता हळूहळू चाला. पण अनवाणी पाऊल टाकायचं नाही. घरातसुद्धा. स्वयंपाकघरातसुद्धा."

मी म्हटलं, "तिथं देव आहेत."

"पाय पण आहेत," त्या म्हणाल्या.

त्या चपला घेऊन आले आणि आळीत कुजबुज सुरू झाली. असल्या चपला महारोग्यांना देतात म्हणे. दोन पोरांनी डबा बंद केला. माझं डोकं फिरलं. पण बिहारकडचा एक जण, तीन वर्षं जेवणारा, ताट पुढं करून म्हणाला, "काकी, हमको चप्पल से क्या, रोटी तो वही है ना?" त्याला त्या दिवशी दोन पोळ्या जास्तीच्या.

खरी अडचण घरातली. माझा पाय स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी थांबायचा. आत खंडोबाचा टाक, मामांच्या आजानं आणलेला, मेंढरांबरोबर गावोगाव फिरलेला. त्याच्यापुढं चपला? हे म्हणाले, "देवाला समजतं." मी म्हटलं, देवाला समजत असेल, मला नाही समजत. चपला काढून आत जावं तर टाचेतली हिरवी काच डोळ्यांपुढं यायची. मी उंबऱ्यातून सखूबाईला सूचना करायची, उंटावरून शेळ्या हाकल्यासारख्या, आणि ती करायची तिला हवं तेच.

मामा दोन दिवस हे बघत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी अंघोळ केली, भंडारा घेतला, आत गेले आणि देव्हाराच उचलून सोप्यात आणला. त्यांच्या बसायच्या जागी, भिंतीशी मांडला.

"आवो, देव उठवला व्हय?" सखूबाई घाबरली.

मामा भंडारा वाहत म्हणाले, "म्हाताऱ्या भगताला डोंगर चढवंना, तवा देव वरच्या गडावरनं खाली आला. हितं तर नुसतं सैपाकघरातनं सोप्यात यायचं हाय." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "जा आता आत. त्या बाईला फोडणी जमत न्हाई."

मी चपला घातल्या आणि उंबरा ओलांडला. शेगडीपुढं उभी राहिले. हात भाजला तरी चालेल, पण उभी आहे, असं झालं. त्या दिवशीची आमटी खारट झाली, कारण मी रडत होते. सखूबाईनं ते सगळ्यांना सांगितलं.

दुसरा पाय

नंतर दौंडच्या फेऱ्या कमी झाल्या. शेवटच्या मोठ्या तपासणीला डॉक्टरीणबाईंनी दोन्ही पावलं हातात घेऊन बघितली आणि म्हणाल्या, "आता तुमच्या घरच्यांनी सांभाळायचं." एक बोट नाही. बाकी सगळं माझं आहे. जोडवी परत घातली नाहीत. कुणी विचारलं तर हे पुढं होऊन सांगतात, "मी हाय अजून, दिसतोय न्हवं?"

तुमच्या घरी शुगरचं माणूस असेल तर त्याला दुखतंय का असं विचारू नका. ते नाही म्हणेल, आणि खोटंही बोलत नसेल. खाली बसा आणि बघा. कुणी बघायचं, हा प्रश्न आमच्याइतकाच तुमच्याकडंही अवघड असेल, तर लाजून झाल्यावर बघा, पण बघा.

परवाची गोष्ट. माझे तळवे बघून झाले आणि मामा उठायला लागले, तेव्हा भिंतीचा आधार घेताना एक पाय जरा वेगळा टाकला. मी विचारलं, "मामा, काही झालंय का पायाला?"

"काय न्हाई."

"दाखवा."

त्यांनी दोन्ही पाय धोतराखाली ओढून घेतले, मी ओढले होते तसेच. "येडी का काय तू? सुनंनं पायाखाली बगायचं असतं व्हय?"

लग्न होऊन आले तेव्हापासून प्रत्येक सणाला मी या पायांवर डोकं ठेवलंय. वरून सगळी बोटं ओळखीची. तळवे मात्र मी कधी बघितले नव्हते. आतून सखूबाई हाका मारत होती, कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. मी शेगडी बंद करायला सांगितली आणि खाली, घोंगडीवर बसले.

"मला विचारावं लागतंय," मी म्हटलं. "बघू का?"

मामांनी दाराबाहेर बघत एक पाय पुढं केला. मी तो मांडीवर घेतला. सगळा भेगाळलेला, जुने काटे रुतून राहिलेले, कुठं कुठं बुजलेल्या जखमा. नवीन काही नव्हतं. मी पुन्हा एकदा सगळीकडं हात फिरवून बघितलं. मग मी दुसरा पाय मागितला.